थांबवता येणारं काम : सुई, चूल आणि कडेवरचं मूल

आज सुरुवात मी माझ्या घरापासूनच करते, कारण हा विषय मला ग्रंथालयात सुचलेला नाही, घरातच सुचलेला आहे.

दीड वर्षापूर्वी मी क्रोशाचं एक पांघरूण विणायला घेतलं. माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. आज ती चार वर्षांची आहे आणि पांघरूण पूर्ण झालं का, तर नाही. ते तिच्या गुडघ्यापर्यंत येतं. ती वाढते त्या वेगानं मी विणत नाही, असा हा हिशोब आहे. याच काळात मला घरी पाव करून बघायची हुक्की आली. एकदा कणीक छान फुगून आली होती. मी ताटली बाजूला करून बघते तर मधोमध पंजाएवढा खड्डा. बाईसाहेबांचं म्हणणं, 'ते झोपलं होतं, मी थोपटलं.' त्या दिवशी आम्ही विटेसारखा पाव खाल्ला.

तुम्ही हसताय, म्हणजे अनेकांच्या घरी हे झालेलं आहे. आणि त्यानंतर जे वाक्य ऐकायला मिळतं तेही तुमच्या ओळखीचं असणार. 'आमच्या आजीला पाच मुलं होती. तरी गोधड्या शिवल्या, पापड लाटले, बाळंतविडे विणले. तुम्हाला एक मूल सांभाळून दोन टाके घालता येत नाहीत?'

हे वाक्य मी बरीच वर्षं मुकाट्यानं ऐकलं. पण मी इतिहास शिकवते. मग एक दिवस वाटलं की हा टोमणा बाजूला ठेवून त्याला एक प्रश्न म्हणून बघू या. आजीला कसं जमत होतं? खरंच जमत होतं का? आणि जमत असेल, तर तिच्याकडे असं काय होतं जे माझ्याकडे नाही? आजचं व्याख्यान म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्याचा प्रयत्न आहे.

एक छोटं टिपण

1970 साली जुडिथ ब्राऊन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी एक छोटं टिपण लिहिलं. अगदी काही पानांचं. प्रश्न साधा होता. जगभरच्या समाजांत काही कामं बायकांकडे आणि काही पुरुषांकडे का जातात? ताकदीमुळे, असं उत्तर आपण पटकन देतो. त्या म्हणाल्या, तसं नाही. लहान मूल जवळ असताना कोणतं काम करता येतं, यावर ते ठरतं. आणि मग अशा कामाची लक्षणं त्यांनी सांगितली. त्यात पूर्ण एकाग्रता लागत नाही. ते त्याच त्या हालचालींचं असतं. मध्येच थांबवता येतं आणि पुन्हा सहज सुरू करता येतं. मुलाला त्याचा धोका नसतो. आणि त्यासाठी घरापासून फार लांब जावं लागत नाही.

पुढे एलिझाबेथ वेलँड बार्बर या पुरातत्त्वाच्या अभ्यासक बाईंनी 1994 मध्ये एक पुस्तक लिहिलं, स्त्रियांच्या कामाच्या पहिल्या वीस हजार वर्षांबद्दल. त्यांनी ब्राऊनबाईंचा हा धागा उचलला आणि म्हटलं की सूत काढणं, विणणं, शिवणं आणि रोजचा स्वयंपाक ही कामं हजारो वर्षं बायकांकडे राहिली ती याच कारणानं. चाती हातातून खाली ठेवली तर सूत बिघडत नाही. मूल रडलं, उठलात, परत आलात, तिथून पुढे. भट्टीवर लोखंड तापवणाऱ्याला हे करता येत नाही.

मला हे वाचताना एकदम उजेड पडल्यासारखं झालं. कारण यात 'बायकांना आवड असते म्हणून' हे कारण कुठेच येत नाही. हे कामाच्या घडणीबद्दल आहे. काम थांबवता येतं की नाही, एवढाच मुद्दा. आता ही फूटपट्टी घेऊन आपण आपल्या घरांत जाऊ.

जातं आणि गोधडी

पहिलं जातं. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचण्यापूर्वी दिवस जात्यापासून सुरू होत असे. पहाटे उठायचं, दोघी समोरासमोर बसायच्या, एकीनं वैरण घालायची, खुंट्याला दोघींचे हात. आता ब्राऊनबाईंची लक्षणं लावून बघा. त्याच त्या हालचाली आहेत. थांबवता येतं. घरातच आहे. मूल मांडीवर झोपतं, कारण जात्याची घरघर आणि ओवीची चाल दोन्ही एका लयीत चालतात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. त्या ओव्यांमध्ये बाळ किती वेळा येतं बघा. बाळाचं रूप, त्याची दृष्ट, लेकीचं सासर, भाऊ. आपण म्हणतो या बायकांना लिहिता येत नव्हतं. पण कामाच्या आत, मूल मांडीवर असताना, हात अडकलेले असताना एवढं रचलं गेलं.

दुसरी गोधडी. तिला वाकळ म्हणा, काही भागांत वेगळी नावं आहेत. जुनी लुगडी, धोतरं, कपड्यांचे तुकडे एकावर एक पसरायचे आणि धावदोऱ्याचा टाका घालत जायचं, कडेकडेनं आत. धावदोरा हा सगळ्यांत क्षमाशील टाका आहे. भरतकामात नक्षी चुकते, विणकामात घर सुटलं की खाली ओघळत जातं. माझ्या क्रोशाच्या पांघरुणात हेच होतं. मी उठले आणि मुलीनं दोरा ओढला की वीस मिनिटांचं काम तीन सेकंदांत उसवतं. गोधडीचं तसं नाही. ती आहे तिथे पसरलेली राहते. मूल तिच्यावर लोळलं तरी चालतं. किंबहुना लोळण्यासाठीच ती आहे. दुपारी चार बायका येऊन बसल्या की चार कोपऱ्यांतून चार सुया चालतात. एक उठून गेली तर तीन चालू राहतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. जात्यावर दोघी होत्या. गोधडीवर चौघी होत्या. ज्या कामांची नावं घेऊन आपल्याला टोमणे मारले जातात, त्यांपैकी बरीचशी एकटीनं केलेली नव्हती. पापडांचं तर सांगायलाच नको. एकटीनं उडदाचे पापड करायला कुणी बसत नाही. 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. तो धंदा घरच्या उन्हाळी कामाच्या रचनेवरच उभा आहे. पीठ एकीकडे मळायचं, लाटायचं अनेकींनी, आपापल्या घरी, आपापल्या मुलांत.

आणि बाळंतविडा? झबली, टोपडी, दुपटी, कुंची. तो आईनं मूल सांभाळत केलेला नसतोच मुळी. तो मूल येण्याच्या आधी किंवा येताच, माहेरच्या हातांनी तयार होतो. आजी, मावशी, आत्या. ज्या बाईला मूल झालंय, तिच्या हातात त्या दिवसांत सुई देऊ नये हे जुन्या लोकांना कळत होतं. आपल्याला मात्र वाटतं की हे आपणच विणायला हवं होतं.

पण मुलाला कोण बघत होतं?

इथवर ऐकून कुणाला वाटेल, वा, काय सुंदर काळ होता. थांबा. चित्राची दुसरी बाजू बघितल्याशिवाय आपण पुढे जाणार नाही.

ब्राऊनबाईंचं एक लक्षण होतं, मुलाला धोका नसावा. आपल्या स्वयंपाकघरात जमिनीवर चूल होती, जमिनीवर विळी होती, उकळत्या आमटीचं पातेलं जमिनीवर उतरवलं जायचं. विळी काम झालं की आडवी करून ठेवावी, उभी ठेवू नये, असा नियम घरोघर होता. कुणी त्याला शकुन-अपशकुनाची जोड दिली. पण तो नियम रांगणाऱ्या मुलासाठी आहे हे उघड आहे. आणि नियम असतो तिथे आधी अपघात झालेले असतात.

मग मुलाला कोण बघत होतं? आजी असेल तर आजी. नसेल तर मोठी बहीण. मोठी म्हणजे किती? सात वर्षांची, आठ वर्षांची. कडेवर भाऊ घेऊन उभी असलेली परकरी मुलगी तुम्ही जुन्या छायाचित्रांत बघितली असेल. आईचे हात मोकळे होते ते या मुलीचे हात अडकले होते म्हणून. 1848 साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि त्यानंतर कितीतरी दशकं मुली शाळेत टिकत नाहीत ही तक्रार होत राहिली. कारणं अनेक आहेत. पण धाकटं भावंड सांभाळणं हे त्यातलं एक मोठं कारण आहे.

आणि जिथे आजी नाही, बहीण नाही, तिथे काय? मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायका बघा. गिरणीतलं काम ब्राऊनबाईंच्या प्रत्येक लक्षणाच्या उलट आहे. घरापासून दूर, यंत्राच्या वेगानं, थांबवता न येणारं, धोक्याचं. तीच सूत काढण्याची, विणण्याची कामं, पण आता मूल जवळ ठेवता येत नाही. 1920 च्या दशकात या बायकांची पाहणी झाली तेव्हा दिसलं की त्यांच्यातल्या बहुसंख्य जणी तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत होत्या. तिला बाळागोळी म्हणत. मूल दिवसभर झोपून राहायचं. त्या निष्काळजी होत्या म्हणून नाही. त्यांच्याकडे दुसरा हात नव्हता म्हणून. 1929 साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. आणि 1948 च्या कारखाना कायद्यानं पन्नासहून जास्त स्त्रिया असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. म्हणजे 'बायका जमवून घेतात' हे म्हणणं सोडून 'जमवून घेता येणार नाही, व्यवस्था करावी लागेल' असं कायद्यानं कबूल केलं.

हे सगळं सांगितलं कारण 'आजीला जमत होतं' या वाक्यात ती कडेवर भाऊ घेतलेली मुलगी दिसत नाही. बाळागोळी दिसत नाही.

छंद नावाची नवी गोष्ट

आता एक वेगळा प्रश्न. जातं दळणारी बाई 'माझा छंद दळण' असं म्हणाली नसती. गोधडी ही गरज होती, थंडी होती म्हणून. मग शिवण-विणकाम हा छंद कधी झाला?

आपल्याकडे याचा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाशी आणि विसाव्याच्या सुरुवातीशी आहे. मिशनरी शाळांतून लोकरीचं विणकाम, लेस, क्रोशा आले. मग आपल्या संस्थांनी शिवण-भरतकामाचे वर्ग सुरू केले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथे शिक्षणाबरोबर शिवणकाम, परिचर्या अशा गोष्टी शिकवल्या जात. विधवा बाईला, गरीब बाईला चार पैसे मिळवता यावेत हा हेतू. म्हणजे एकाच सुईचे दोन रस्ते झाले. काहींसाठी ती पोटापाण्याचं साधन झाली. आणि ज्यांच्या घरी नोकर-माणसं होती, त्यांच्यासाठी ती शिकलेल्या, सुसंस्कृत गृहिणीची खूण झाली. 1930 मध्ये किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक सुरू झालं. बायकांच्या मासिकांतून कथा-लेखांबरोबर विणकामाचे नमुने आणि पाककृती येऊ लागल्या. दुपारची वेळ, मासिक समोर उघडं, सुया हातात, हे मध्यमवर्गीय घराचं चित्र तिथून तयार होतं.

शिवणयंत्राबद्दल एक गंमत सांगते. गांधीजी यंत्रांचे टीकाकार. पण 1924 मध्ये एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केलं. बायकोचे टाके घालून श्रम वाचावेत या प्रेमापोटी ते यंत्र सुचलं, असं त्यांचं म्हणणं. पुढे उषाची देशी यंत्रं आली आणि हुंड्यात, रुखवतात शिवणयंत्र दिसू लागलं.

रुखवताचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू. रुखवत म्हणजे आजच्या विषयाचं प्रदर्शनच की. एका टेबलावर साटोऱ्या, चकल्या, साखरेची चित्रं, दुसऱ्यावर क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, भरतकामाच्या चौकटी. मुलगी सुगरण आहे आणि हातात कला आहे, याचा हा जाहीर पुरावा. पण बघा, हे सगळं लग्नाच्या दिवशी मांडलं जातं. म्हणजे मूल होण्यापूर्वीच्या मोकळ्या वर्षांतलं काम. नंतर ते रुमाल कपाटात जातात. रुखवत करणारी मुलगी आणि दोन वर्षांनी कडेवर मूल घेतलेली बाई, यांच्यामधली दरी कुणी प्रदर्शनात मांडत नाही.

शेर, तोळा आणि वाटी

आता स्वयंपाकाकडे. इथे मला तीन पुस्तकं तुमच्यासमोर ठेवायची आहेत.

पहिलं 1875 चं 'सूपशास्त्र'. लेखक रामचंद्र सखाराम गुप्ते. पुरुष. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांपैकी हे एक. दुसरं 1910 चं लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया'. आता लिहिणारी बाई आहे आणि वाचणारी शिकलेली गृहिणी आहे. तिसरं 1970 चं कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा', जे बहुतेक तुमच्या घरी आहे. मुखपृष्ठ फाटलेलं, पानांवर तेलाचे डाग.

जुन्या मापांच्या जगात शेर, तोळे, मासे होते. 1958 पासून आपल्याकडे किलो-ग्रॅम आले. आणि 'रुचिरा' काय वापरतं? वाटी आणि चमचा. कमलाबाईंनी सगळी प्रमाणं वाटीत आणि चमच्यात दिली. हे पुस्तक घराघरांत का गेलं याची अनेक कारणं सांगितली जातात, सासू-आईपासून दूर बिऱ्हाड करणाऱ्या नव्या सुनांना आधार मिळाला वगैरे. ते बरोबरच आहे. माझं आणखी एक म्हणणं आहे, ते माझं अनुमान म्हणून घ्या. वाटी हे एका हाताचं माप आहे. तराजूला दोन हात लागतात आणि नजर लागते. वाटी डब्यात बुडवता येते, दुसऱ्या कडेवर मूल असलं तरी. मध्येच दाराची बेल वाजली तर परत येऊन 'दोन झाल्या, एक राहिली' एवढं आठवलं तरी पुरतं. मला ते ज्या बाईच्या हाताला सतत कुणीतरी ओढतंय तिच्यासाठी लिहिलेलं पुस्तक वाटतं.

आणि प्रयोग? आपल्याला वाटतं घरी केक, पाव, बिस्किटं करून बघणं ही आत्ताची टूम आहे. ज्यांचं वय साठीच्या पुढे आहे त्यांना विचारा. पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवून केलेला केक अनेकांना आठवेल. मग तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला, झाकणाला काच असलेला. मुलं त्या काचेसमोर बसून राहायची. केक फुगतो का बघायला. वाळूवरच्या केकचा एक मोठा गुण, मंद आच, घाई नाही, पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालतं. हाही थांबवता येणाऱ्या कामाचाच नमुना.

ओटा

आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती पुस्तकांत फारशी नसते, पण तुमच्या घरातच आहे. स्वयंपाकघराची उंची.

चुलीपाशी, शेगडीपाशी बाई बसून काम करत होती. पाटावर. पोळपाट जमिनीवर, परात जमिनीवर. तिचे डोळे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर होते. मूल येऊन पाठीवर लोंबकळलं, मांडीत शिरलं, तिनं कणकेचा गोळा दिला, ते तिथेच खेळत बसलं. धोका होता, मी मघाशी सांगितला. पण मूल कामाच्या आत होतं.

1950 च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत घरगुती गॅस मिळू लागला. 1959 च्या आसपास भारतीय कंपन्यांचे प्रेशर कुकर आले. चाळीतून फ्लॅटमध्ये गेलेल्या घरांत उभा ओटा आला. धूर गेला, डोळे वाचले, गुडघे आणि कंबर वाचली. कुणीही शहाणी बाई परत चुलीकडे जाणार नाही आणि जाऊही नये. पण ओट्यासरशी काम अडीच-तीन फूट वर गेलं आणि मूल खाली राहिलं. त्याला फक्त आईचे पाय दिसतात. वर काहीतरी मजेचं चाललंय, आवाज येतोय, वास येतोय, आणि आपल्याला दिसत नाही. मग ते काय करणार? पायांना मिठी मारणार, ओढणार, रडणार. आपण म्हणतो, 'हट्टी झालंय, काम करू देत नाही.' ते म्हणतंय, 'मला दिसत नाही.'

गुरुत्वाकर्षणाइतकी साधी गोष्ट आहे ही. पण मला हे कळायला पावाचा तो खड्डा लागला. त्या दिवशी कणीक मी जमिनीवर, तिच्या उंचीवर ठेवली होती, म्हणून तिनं थोपटली. इतर दिवशी ती ओट्यावर असते आणि ही रडत असते. तिला त्या फुगण्यात भाग घ्यायचा होता, एवढंच.

मुलाच्या हातात काम

शिक्षणाच्या इतिहासात हा विचार करणारी माणसं होऊन गेली आहेत. जर्मनीत फ्रोबेलनं 1837 मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली, तिलाच पुढे किंडरगार्टन हे नाव मिळालं. त्याच्या पद्धतीत कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचं विणकाम, मातीकाम, पुठ्ठ्याच्या भोकांतून दोरा ओवणं हे सगळं आहे. म्हणजे मोठ्यांची हस्तकला मुलाच्या मापाची केलेली. 1886 मध्ये पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे राहून त्यांनी ही पद्धत शिकून घेतली. त्यांची मनोरमा तेव्हा पाच वर्षांची होती. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, आणि किंडरगार्टनची पद्धत आपल्याबरोबर आणली.

मग मॉंटेसोरी. 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत, कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी पहिलं बालगृह. तिथे मुलं काय करत? पाणी ओतणं, पुसणं, बटणं लावणं, भाजी चिरणं. खोटी खेळणी नाहीत, खरं काम, छोट्या मापाचं. हा विचार मराठीत रुजवला तो ताराबाई मोडकांनी. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ, 1936 मध्ये दादरला शिशुविहार. आणि 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. तिथे, आणि पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांवर त्यांच्यासमोर आपल्या आजच्या प्रश्नाचं सगळ्यांत कठीण रूप उभं होतं. मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती धाकट्या भावंडांना सांभाळत होती किंवा गुरांमागे होती.

त्यांनी काय केलं? पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हणत. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, मोठी मुलगी वर्गात. कडेवरचा भाऊ खाली उतरला. जिथे मुलं येऊ शकत नव्हती तिथे शाळाच अंगणात नेली, तिथून अंगणवाडी हा शब्द आला. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. महागडी परदेशी साधनं टाकून शिंपले, बिया, पानं, मातीची मडकी घेतली. 1975 मध्ये सरकारनं देशभर अंगणवाड्या सुरू केल्या, त्याचं एक मूळ इथे आहे.

म्हणजे उत्तरं दोन आहेत आणि दोन्ही लागतात. एक, मुलाला कामाच्या आत घ्यायचं, त्याच्या मापाचं खरं काम देऊन. दोन, मुलाला बघणारा दुसरा हात असला पाहिजे, आणि तो हात आठ वर्षांच्या मुलीचा असता कामा नये. आजच्या माझ्यासारख्या घरात तो हात बऱ्याचदा आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईचा असतो. मी निवांत क्रोशा घेऊन बसते तेव्हा तिचं मूल कुठे असतं? हा प्रश्न मी स्वतःला विचारला. तिचा मुलगा अंगणवाडीत असतो, दुपारपर्यंत. दुपारनंतर शेजारीण बघते. माझ्या विणकामाच्या एका तासामागे एवढी माणसं आहेत.

तर आजीला जमत होतं का? काही जमत होतं, कारण तिची कामं थांबवता येणारी होती, खाली बसून करायची होती आणि ती एकटी नव्हती. काही जमत नव्हतं, ते आपल्याला सांगितलं गेलं नाही. मी पांघरूण सोडलेलं नाही. फक्त आता त्याला पांघरूण म्हणत नाही, गोधडी म्हणते, म्हणजे घाई राहत नाही. आणि रविवारी आम्ही पाव जमिनीवर बसून मळतो. तिचा गोळा वेगळा असतो. तो राखाडी होतो, पण भाजला जातो.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. दोन-तीन प्रश्न घेऊ या.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : तुम्ही सगळं आईबद्दलच बोललात. बाबा कुठे आहेत यात?*

बरोबर पकडलंत. इतिहासात ते सूपशास्त्र लिहीत होते, असं गमतीनं म्हणता येईल. गंभीरपणे सांगायचं तर ब्राऊनबाईंचं टिपण हे समाज कसे चालत आले याबद्दल आहे, कसे चालावेत याबद्दल नाही. 'दुसरा हात' म्हणताना मी मुद्दाम आजी, मावशी एवढंच म्हणून थांबले नाही. आमच्या घरी रविवारचा पाव भाजण्याचं काम नवऱ्याकडे आहे, कारण भट्टीजवळचं काम थांबवता येत नाही आणि मी तेव्हा मुलीबरोबर खाली असते. हजारो वर्षांची वाटणी आम्ही जागांची अदलाबदल करून वापरतो.

*प्रश्न : मुलाला सोबत घेतलं की कामाला तिप्पट वेळ लागतो. मग छंद राहतो कुठे?*

खरं आहे, लागतो. म्हणून मी सगळी कामं सोबत करा असं म्हणणार नाही. पाव सोबत करते, क्रोशा ती झोपल्यावर. जे थांबवता येतं आणि उसवत नाही ते तिच्याबरोबर, जे उसवतं ते तिच्याशिवाय. कोणतं काम कुठल्या गटात टाकायचं हे ठरवलं की चिडचिड निम्मी होते, निदान माझी झाली. आणि तिप्पट वेळाचं म्हणाल तर जात्यावरचा वेळ कुणी मोजला नव्हता, पण लाखभर ओव्या शिल्लक राहिल्या. आपल्याकडून काय शिल्लक राहील ते मला सांगता येत नाही. माझ्याकडे सध्या एक अर्धवट पांघरूण आहे.